आवाज मोडीत निघू नये म्हणून

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' या चित्रपटाच्या शेवटाकडचा प्रसंग आठवा. नगरजवळच्या अकोळनेरात घडणारी ही गोष्ट. शाळकरी जब्या आणि त्याच्या घरची माणसं डुकराच्या मागे धावताहेत, डुक्कर आता हाती लागणार, तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात. जब्या जागच्या जागी उभा राहतो. मग बाकीचेही उभे राहतात. माणसं हलत नाहीत आणि डुक्कर मात्र निघून जातं. पडद्यावर जवळजवळ काहीच घडत नसताना जे काही घडतं, ते सगळं कानांतून आत शिरतं.

प्रेक्षकाला असा प्रसंग एकसंध ऐकू येतो. ध्वनिसंकलकाच्या संगणकावर मात्र तो कधीच एकसंध नसतो. लांबून येणारं गाणं एका पट्टीवर, धापा दुसऱ्या पट्टीवर, पायांखालचा पाचोळा तिसरीवर, वारा चौथीवर. शिवाय जवळचं माणूस, लांबची शाळा, मधली मोकळी जागा यांसाठी आणखी कितीतरी पट्ट्या. या पट्ट्यांना ट्रॅक म्हणतात आणि त्या सगळ्यांची मांडणी ज्या एका फाइलमध्ये असते तिला धंद्यात 'सेशन' म्हणतात. चित्रपट पूर्ण होतो, सगळे ट्रॅक एकत्र येऊन शेवटचं मिश्रण तयार होतं आणि सेशनची हार्ड डिस्क कपाटात जाते. दहा-पंधरा वर्षांनी कुणी ती डिस्क काढून जोडली, तर ती फाइल उघडेल का?

बऱ्याचदा उघडत नाही. डिस्क धडधाकट असते, फाइल जागेवर असते, पण ती वाचणारं सॉफ्टवेअर उरलेलं नसतं. ज्या सॉफ्टवेअरनं नगर भागातल्या मुलांच्या हाती चित्रपटाचा ध्वनी दिला, त्याच्या वारशाची ही दुसरी बाजू आहे. दोन्ही बाजू समजून घेतल्या पाहिजेत.

कात्री आणि फीत

१९३२ साली प्रभात फिल्म कंपनीनं कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' हा चित्रपट केला, तेव्हा आवाजही फिल्मवरच छापला जाई. चित्रचौकटींच्या शेजारी एक अरुंद पट्टी, तिच्यावर काळ्या-पांढऱ्या रेषा. प्रक्षेपकातला प्रकाश त्या रेषांतून आरपार जाई, कमी-जास्त होई आणि त्याचाच पुन्हा आवाज होई. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे मिनिटाला ९० फूट धावते. पुढे ध्वनीच्या कामासाठी चुंबकीय फीत आली. तिलाही फिल्मसारखीच कडेला भोकं असत, म्हणजे चित्र आणि आवाज दात्यांवरून बरोबरीनं फिरत.

या फितीवर संकलन करायचं म्हणजे अक्षरशः कापायचं आणि चिकटवायचं. एका चौकटीला चार भोकं, म्हणून आवाज पुढेमागे सरकवायचं सर्वांत बारीक माप सेकंदाचा ९६वा भाग. चूक झाली तर तुकडा पुन्हा शोधून जोडायचा. दहा आवाज एकत्र ऐकायचे तर दहा फिती दहा यंत्रांवर चढवून ती सगळी एका चालीत फिरवायची. ही सोय मोठ्या शहरातल्या मोजक्या स्टुडिओंत असे आणि तिचं भाडं तासावर मोजलं जाई.

त्यात आपल्याकडे आणखी एक अडचण होती. चित्रीकरणाचे कॅमेरे खडखडाट करत. त्यामुळे जागेवरचा आवाज केवळ आधारापुरता मुद्रित व्हायचा. त्याला 'पायलट ट्रॅक' म्हणत. नंतर नट डबिंगच्या खोलीत येऊन ओठांशी जुळवून संवाद पुन्हा म्हणत. माळावर बोललेलं वाक्य असं बंद खोलीत येई. शब्द तेच राहत, पण त्यांच्यामागचा माळ नाहीसा होई. ग्रामीण चित्रपटांत गाव दिसायचं, पण ते ऐकू यायचं नाही, याचं एक कारण हे होतं.

चार ट्रॅकची क्रांती

आवाज आकड्यांत साठवून संगणकावर संकलित करण्याचे प्रयोग १९८०च्या दशकात सुरू झाले. जॉर्ज लुकास यांच्या कंपनीत जेम्स मूरर यांनी 'साउंडड्रॉइड' नावाचं यंत्र घडवलं. ते बाजारात कधी आलं नाही, पण पुढची दिशा त्यातून स्पष्ट झाली. ब्रिटनमध्ये 'ऑडिओफाइल' आणि ऑस्ट्रेलियात 'फेअरलाइट' ही यंत्रं पुढे आली. ती उत्तम होती, पण महागडी आणि आपापल्या पेटीत बंद.

वळण दिलं ते कॅलिफोर्नियातल्या पीटर गॉचर आणि इव्हान ब्रूक्स या दोन तरुणांनी. त्यांनी १९८५ साली साध्या मॅकिन्टॉश संगणकावर चालणारं 'साउंड डिझायनर' आणलं. १९८९ साली 'साउंड टूल्स' आलं आणि १९९१ साली 'प्रो टूल्स'. पहिल्या प्रो टूल्समध्ये फक्त ४ ट्रॅक होते. आज हे हास्यास्पद वाटेल, पण त्या वेळचा हिशोब करून पाहा. सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, म्हणजे एका ट्रॅकच्या एका मिनिटाला सुमारे पावणेसहा मेगाबाइट जागा. चार ट्रॅकचं दहा मिनिटांचं एक रीळ सुमारे २३० मेगाबाइटचं झालं. त्या काळी घरच्या संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये एवढी जागाही नसे.

पण खरी क्रांती ट्रॅकच्या संख्येत नव्हती, कापण्याच्या पद्धतीत होती. इथे कापलं तरी मूळ आवाजाला धक्का लागत नाही. आपल्या शेतकऱ्याला हे सातबाऱ्यावरून चटकन कळेल. सातबाऱ्याच्या कागदावर जमीन नसते. कुठल्या गटातली, किती, कुणाच्या नावावर एवढी नोंद असते. भावाभावांत वाटणी झाली की नोंद बदलते, माती तिथेच राहते. सेशनची फाइल अशीच असते. तिच्यात आवाज नसतो. 'अमुक फाइलमधला तमुक सेकंदापासूनचा तुकडा घ्या, तो इथे ठेवा, हळूहळू मोठा करा, थोडा डावीकडून ऐकवा' अशा नोंदी असतात. मूळ ध्वनिफायली वेगळ्या फोल्डरमध्ये पडलेल्या असतात. म्हणून शंभर वेळा कापून शंभर वेळा मागे येता येतं.

या एका गोष्टीनं संकलकाची भीती घालवली. डावीकडून उजवीकडे सरकणारी काळरेषा, वरून खाली रचलेले ट्रॅक, त्यांवर आवाजाची चित्रं, टोकांना उतार हे व्याकरण त्या जुन्या सॉफ्टवेअरनं घडवलं. आज मोबाइलवर रील कापणारा मुलगाही नकळत तेच वापरतो. जुन्या सॉफ्टवेअरचा सर्वांत टिकाऊ वारसा कुठला, तर हा.

नगरच्या वर्गातून माळरानावर

हे साधन स्वस्त होत गेलं, तसं ते जिल्ह्यांच्या गावांत पोचलं. सिन्ट्रिलियम कंपनीचं 'कूल एडिट' आपल्याकडच्या छोट्या स्टुडिओंत सर्रास दिसू लागलं. भजनांच्या कॅसेटी, लग्नाच्या चित्रफिती, दुकानांच्या आणि प्रचाराच्या रिक्षांवरच्या जाहिराती त्यावर तयार होत. २००३ साली अडोबी कंपनीनं ते विकत घेतलं आणि 'ऑडिशन' या नावानं पुढे आणलं. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात जन्मलेलं 'ऑडॅसिटी' २००० साली आलं, तेही पूर्ण मोफत. ध्वनीचं काम शिकायला आता मुंबईची खोली आणि तासाचं भाडं लागेनासं झालं.

याच सुमारास नगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स महाविद्यालयाच्या संज्ञापन अभ्यास विभागातून चित्रपट शिकून मुलं बाहेर पडू लागली. 'फँड्री'चे दिग्दर्शक नागराज मंजुळे तिथेच शिकले. त्यांच्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला ५८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. भाऊराव कऱ्हाडेही याच विभागातले. त्यांनी वडिलोपार्जित जमीन विकून मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणाऱ्या धनगर कुटुंबावर 'ख्वाडा' केला.

आपल्या विषयासाठी 'ख्वाडा' फार महत्त्वाचा आहे. ६२व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला आणि सोबत आणखी एक पुरस्कार मिळाला, ज्याची चर्चा फारशी झाली नाही: जागेवरच्या ध्वनिमुद्रणाचा. तो ध्वनिमुद्रक महावीर सब्बनवाल यांचा. राष्ट्रीय पुरस्कारांत तेव्हा ध्वनीचे तीन वेगळे सन्मान होते. एक जागेवरचा आवाज टिपणाऱ्याला, एक ध्वनीची रचना करणाऱ्याला आणि एक शेवटचं मिश्रण करणाऱ्याला. त्यातला पहिला मान त्या वर्षी देशभरातल्या सगळ्या भाषांमधून या मराठी चित्रपटाकडे आला.

जागेवरचा आवाज म्हणजे 'सिंक साउंड'. २००१च्या 'लगान'नं त्याची ताकद मोठ्या पडद्यावर पुन्हा सिद्ध केली होती. मोठ्या चित्रपटाला सेटवर शांतता विकत घेता येते. मेंढरांच्या कळपाला कोण गप्प करणार? रस्त्यावरचा ट्रक, शेजारच्या शेतातली मोटर, वाऱ्यानं माइकवर मारलेला तडाखा, हे सगळं सोसून नटाचा श्वास टिपायचा असतो. बूम माइक डोक्यावर, छोटा माइक सदऱ्याच्या आत, आणि प्रत्येकाचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर. पुढे संकलनाच्या टेबलावर संगणकात हे ट्रॅक वेगळे उघडता येतात, एका शब्दापुरता एक माइक आणि पुढच्या शब्दाला दुसरा निवडता येतो, म्हणून ही पद्धत कमी खर्चाच्या चित्रपटाला परवडते. कात्री-फितीच्या काळात हे जमवणं अशा निर्मात्याच्या आवाक्याबाहेरचं होतं. धनगराच्या बोलीतला हेल, कळपामागची हाळी, उघड्या माळाची पोकळी चित्रपटगृहात जशीच्या तशी ऐकू येते, त्यामागे ध्वनिमुद्रकाचे कान आहेत, तसंच त्या चार ट्रॅकपासून वाढलेलं साधनही आहे.

कुलूप कुठे कुठे लागतं

आता वारशाची दुसरी बाजू. सेशन म्हणजे केवळ नोंदी. त्या नोंदी ज्या भाषेत लिहिल्या, ती कळणारं सॉफ्टवेअर लागतं. ही साखळी पाच ठिकाणी तुटते.

पहिली तूट फाइलच्या प्रकारात. प्रो टूल्सच्या सेशनच्या फायली आधी पीटीएस, मग पीटीएफ, मग पीटीएक्स अशा बदलत गेल्या. नव्या आवृत्त्या बऱ्याच जुन्या फायली उघडतात, पण फार जुन्यांसाठी मधली एखादी आवृत्ती शोधून तिच्यातून फाइल पुढे न्यावी लागते. कूल एडिटचं बहुपट्टी सेशन ऑडिशनच्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत चाललं. नंतर कंपनीनं सॉफ्टवेअर नव्यानं लिहिलं आणि जुनं सेशन थेट उघडेनासं झालं. नव्यात आणायचं तर आधी तिसऱ्या आवृत्तीत उघडून दुसऱ्या रूपात बाहेर काढावं लागतं.

दुसरी तूट खुद्द ध्वनिफायलींत. १९९०च्या दशकातली कितीतरी कामं 'साउंड डिझायनर २' प्रकारात साठवली गेली. त्या फाइलचे दोन भाग असत. एकात आवाज, दुसऱ्यात त्याची माहिती, म्हणजे सेकंदाला किती नमुने, किती बिट. हा दुसरा भाग फक्त मॅकिन्टॉशलाच दिसे. कुणी भाबडेपणानं अशा फायली विंडोजच्या डिस्कवर उतरवल्या की माहितीचा भाग गळून पडे आणि उरे तो निनावी आकड्यांचा ढीग.

तिसरी तूट यंत्रात. जुन्या प्रो टूल्सचं बळ संगणकात बसवलेल्या खास कार्डांमध्ये होतं. २०१३ साली अकरावी आवृत्ती आली आणि त्या जुन्या कार्डांचा आधार संपला. परवान्याची यूएसबी किल्ली, म्हणजे डोंगल, हरवली तरी विकत घेतलेलं सॉफ्टवेअर मुकं होतं.

चौथी तूट संगणकाच्या मूळ प्रणालीत. चित्रसंकलनाचं 'फायनल कट प्रो ७' एके काळी आपल्याकडे जिथे-तिथे होतं. २०११ साली ॲपलनं त्याच्या जागी पूर्ण वेगळं सॉफ्टवेअर आणलं आणि २०१७च्या मॅक प्रणालीवर जुनं चालेनासं झालं. २०१९ साली ३२ बिटांची सगळीच सॉफ्टवेअर मॅकवर बंद पडली. चित्राच्या टेबलावरून आवाजाच्या टेबलाकडे काम पाठवायला ओएमएफ नावाची फाइल असे. तिला २ गिगाबाइटची मर्यादा होती, म्हणून लांब चित्रपट तुकडे करून पाठवावा लागे. त्यातला एखादा तुकडा गहाळ झाला की तेवढा चित्रपट मुका होतो.

आणि सगळं जुळून सेशन उघडलंच, तरी पाचवी तूट राहते. घुमारा देणारी, खरखर काढणारी, आवाजाला धार देणारी छोटी जोड-सॉफ्टवेअर, म्हणजे प्लगइन, आता मिळत नाहीत. ट्रॅक दिसतात, पण ते तसे वाजत नाहीत जसे तेव्हा वाजत होते.

कागद शाबूत, वाचणारा नाही

हे दुखणं महाराष्ट्राला नवं नाही. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात आणि जुन्या घरांच्या पेट्यांत मोडीतले कागद आहेत. शाई टिकली आहे, कागद टिकला आहे. पण मोडी शाळेतून आणि कचेरीतून गेली आणि दोन पिढ्यांत वाचणारे बोटांवर मोजण्याइतके उरले. आजोबांचं खरेदीखत हातात असतं आणि नातू जाणकाराच्या शोधात फिरतो. जुनं सेशन हे असंच मोडीतलं दप्तर आहे. फरक एवढाच की मोडीला मोडीत निघायला दोन पिढ्या लागल्या आणि सेशनला दहा-पंधरा वर्षं पुरतात. शिवाय मोडी शिकता येते, वर्ग भरतात, पुस्तकं मिळतात. बंद पडलेल्या कंपनीची फाइल-लिपी कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत.

कुणी म्हणेल, शेवटचं मिश्रण तर आहे, चित्रपट तर दिसतो, मग सुटे ट्रॅक हवेत कशाला? भाताची खीर झाल्यावर तांदूळ परत काढता येत नाही, म्हणून. चित्रपट दुसऱ्या भाषेत न्यायचा तर संवाद वगळून संगीत आणि इतर आवाजांचा वेगळा ट्रॅक लागतो. नव्या चित्रपटगृहांच्या ध्वनिव्यवस्थेसाठी पुन्हा मिश्रण करायचं तर थर वेगळे लागतात. मिश्रणात एखाद्या संवादावर संगीत चढलं असेल, तर तो संवाद सुटा फक्त सेशनमध्येच असतो.

त्याहून मोठं कारण वेगळं आहे. जागेवर टिपलेला आवाज हा त्या गावाचा दस्तऐवज असतो. शॉट सुरू होण्याआधीची आणि 'कट' म्हटल्यानंतरची काही मिनिटं, केवळ वातावरण म्हणून मुद्रित केलेली सकाळ, संवाद विसरून कुणी आपल्या मूळ बोलीत मारलेली हाक. हे चित्रपटात येत नाही, पण मूळ ध्वनिफायलींत असतं. मोटेची कुरकुर ज्यांनी ऐकली ती पिढी आता थकली आहे. तो आवाज त्या वेळी किती जणांनी टिपून ठेवला? नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगराळ पट्ट्यातली बोली आणि जामखेडकडची बोली यांत कान ठेवून ऐकणाऱ्याला अंतर कळतं. ते अंतरही दर पिढीला कमी होत आहे.

चित्र जपण्याची जाणीव आपल्याला आगीनं दिली. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात फिल्म संस्थेच्या आवारातल्या कोठाराला आग लागली आणि नायट्रेटवरच्या जुन्या मराठी-हिंदी चित्रपटांच्या मूळ प्रती गेल्या. त्या धुरानं सगळ्यांचे डोळे उघडले. सेशन मरतं तेव्हा धूर होत नाही. म्हणून ते मेलेलं कळतच नाही.

आजच करण्याजोगं

उपाय मात्र अवघड नाही आणि महागही नाही. काम संपल्यावर सेशनवर विसंबू नये. प्रत्येक ट्रॅक शून्यापासून शेवटपर्यंत सलग करून साध्या डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये बाहेर काढावा. सगळे ट्रॅक एकाच बिंदूपासून सुरू झाले की कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये ते एकावर एक ठेवून पुन्हा जुळतात. मुद्रणाची वेळ आणि माहिती पोटात ठेवणारं डब्ल्यूएव्हीचंच रूप, ब्रॉडकास्ट वेव्ह, युरोपच्या प्रसारण संघानं १९९७ साली ठरवलं. ते खुलं आहे, कुणा एका कंपनीच्या मालकीचं नाही. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटांत एका ट्रॅकचं एक मिनिट सुमारे साडेआठ मेगाबाइट होतं. दोन तासांच्या चित्रपटाचे शंभर ट्रॅक पूर्ण लांबीचे धरले, तरी सुमारे १०४ गिगाबाइट. आजच्या साध्या डिस्कवर असे कितीतरी चित्रपट मावतील.

त्यासोबत संवाद, संगीत आणि इतर आवाज यांची वेगवेगळी मिश्रणं काढावीत. प्रभाव लावलेला ट्रॅक आणि न लावलेला ट्रॅक दोन्ही ठेवावेत. एका साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहावं: गाव, तालुका, तारीख, कोण बोलतंय, कुठला माइक, कुठलं सॉफ्टवेअर, कितवी आवृत्ती. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरं' अशी नावं पाच वर्षांनी कुणालाच कळत नाहीत. गावाच्या नावाबद्दल तर आपल्याला विशेष दक्ष राहायला हवं. २०२४ साली आपला नगर जिल्हा अहमदनगरचा अहिल्यानगर झाला. जुन्या फायलींवर एक नाव, नव्यांवर दुसरं. दोन्ही नावं नोंदीत ठेवली नाहीत, तर पुढचा अभ्यासक अर्ध्या संग्रहाला मुकेल.

प्रती तीन ठेवाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी. वर्षातून एकदा डिस्क जोडून फायली वाजवून पाहाव्यात. डॅट, एडॅट, साध्या कॅसेटी अशा चुंबकीय फितींना तर थांबायला वेळ नाही. युनेस्को आणि ध्वनी-दृक् संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२५च्या सुमारास अशा फिती वाचणं जवळजवळ अशक्य होईल, असा इशारा आधीच दिला होता. फीत जाते, आणि त्याआधी ती वाजवणारं यंत्र आणि ते दुरुस्त करणारा कारागीर जातो. सोनीनं डॅटची यंत्रं बनवणं २००५ सालीच थांबवलं. म्हणून जुना संगणक, जुनं कार्ड, जुना डोंगल भंगारवाल्याला देण्याआधी त्याच्यातलं शेवटचं सेशन उघडून ट्रॅक बाहेर काढून घ्या. ज्याच्याकडे असं जुनं यंत्र अजून चालतंय, तो आजच्या घडीचा मोडी-जाणकार आहे.

या कामाला मुंबईची वाट पाहायची गरज नाही. नगर जिल्ह्यात चित्रपट शिकवणारा वर्ग आहे, शिकून गेलेली आणि नाव कमावलेली माणसं आहेत, नाटकाची मोठी परंपरा आहे. दरवर्षी एका तुकडीनं एक जुनं सेशन उघडून खुल्या फायलींत आणलं, तर दहा वर्षांत दहा चित्रपटांचा आवाज वाचेल आणि मुलांना ध्वनिसंकलनाचा इतिहास हातानं शिकता येईल.

तुम्ही चित्रपट करत असाल, कीर्तनं मुद्रित करत असाल, किंवा आजीच्या ओव्या मोबाइलवर टिपत असाल, तर एवढं करा. आज रात्री एक जुनी डिस्क काढा, जोडा, आणि तिच्यातला आवाज उघडतोय का ते पाहा. उघडला तर त्याची खुली प्रत करून गावाचं नाव आणि तारीख घालून ठेवा. पुढच्या वर्षी तो उघडेलच, याची खात्री कुठलीच कंपनी देत नाही.